मुलीचे डोके, मुलाचे डोके: निसर्गाने काय ठरवले आहे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते: पोरांना पुढे कुठे घालायचे? मुलगा असेल तर आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग. मुलगी असेल तर नर्सिंग, डी.एड., नाहीतर बी.ए. करता करता स्थळ बघणे. ही वाटणी जुनीच आहे, तिचे समर्थन मात्र आता नव्या शब्दांत होते. पूर्वी लोक म्हणायचे, ''मुलीच्या जातीला हे शोभत नाही.'' आता शिकलेली माणसे म्हणतात, ''फादर, हे तर विज्ञानानेच सिद्ध केले आहे. मुलींच्या मेंदूला नकाशे, आकृत्या, यंत्रे जमत नाहीत. हार्मोनचा फरक असतो. देवानेच तसे घडवले आहे.''

या वाक्यात विज्ञान आहे, देव आहे आणि एका मुलीचे भवितव्य आहे. तीन मोठ्या गोष्टी एका दमात बोलल्या गेल्या की त्या वेगवेगळ्या करून तपासणे हे आपले कर्तव्य ठरते. म्हणून या रविवारी आपण थोडे नेटाने विचार करू या.

विज्ञान नेमके काय सांगते?

आधी हा विषय समजून घेऊ. एखादी वस्तू डोळ्यांसमोर नसताना मनात फिरवून पाहणे, तिची दुसरी बाजू कशी दिसेल हे ओळखणे, अनोळखी गावात दिशा न चुकणे, कागदावरच्या आकृतीवरून प्रत्यक्ष घर किंवा यंत्र डोळ्यांपुढे आणणे, या सर्व शक्तींना मिळून अवकाशीय बुद्धी म्हणतात. १९७१ साली अमेरिकेतील शेपर्ड आणि मेट्झलर या दोन संशोधकांनी तिची एक सुंदर परीक्षा तयार केली. ठोकळे जोडून केलेल्या आकृतीची दोन चित्रे समोर ठेवायची आणि विचारायचे की ही एकच वस्तू फिरवून दाखवली आहे की दुसरी तिची आरशातली प्रतिमा आहे? त्यांना असे दिसले की वस्तू जितक्या अंशांनी फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त लागतो. म्हणजे माणूस ती वस्तू मनात खरोखरच फिरवत असतो.

पुढे अशा परीक्षा हजारो लोकांवर झाल्या. त्यांत पुरुषांची सरासरी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा वर येते. हे अनेक देशांत दिसले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या काही परीक्षांत स्त्रिया पुढे असतात. कोणती वस्तू कुठे ठेवली होती हे लक्षात ठेवण्याच्या परीक्षेत स्त्रियांची सरासरी बरी येते, असे १९९२ मध्ये सिल्व्हरमन आणि ईल्स यांनी दाखवले आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याला बऱ्याच अंशी दुजोरा दिला. घरात हरवलेली किल्ली कोणाला विचारायची हे आपल्याला त्याआधीही ठाऊक होतेच!

आता प्रश्न येतो हार्मोनचा. आईच्या उदरात बाळ साधारण दोन महिन्यांचे झाले की मुलग्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तयार होऊ लागते. वयात येताना त्याचे प्रमाण पुन्हा वाढते, तर मुलींमध्ये इस्ट्रोजेन वाढते. ही हार्मोने रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात. मग विचारांवर त्यांचा परिणाम होत असेल काय? शास्त्रज्ञांनी हे निरनिराळ्या मार्गांनी तपासले.

१९८२ मध्ये हायर आणि क्राउली या डॉक्टरांनी १९ पुरुष तपासले. त्यांच्या शरीरात वयात येण्याआधीपासूनच टेस्टोस्टेरॉन फार कमी होते. हे पुरुष अवकाशीय परीक्षांत मागे पडत होते. नंतर हार्मोनची औषधे देऊनही ती उणीव भरून निघाली नाही. यावरून असे वाटले की योग्य वयात हार्मोनने मेंदूवर काही काम केलेले असावे लागते.

काही मुलींना जन्मापूर्वीपासून एक आजार असतो. त्यात मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी हार्मोन जास्त प्रमाणात तयार करतात. या मुली अशा परीक्षांत इतर मुलींपेक्षा पुढे असतात काय? २००८ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून उत्तर निघाले, होय. २०२० मध्ये अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा उत्तर निघाले, तसा पुरावा दिसत नाही.

स्त्रीच्या मासिक चक्राबरोबर ही शक्ती थोडी कमी-जास्त होते, असे १९९० च्या सुमारास कॅनडातील एलिझाबेथ हॅम्पसन यांना आढळले. पाळीच्या दिवसांत, इस्ट्रोजेन कमी असताना, अवकाशीय गुण किंचित वाढत आणि इस्ट्रोजेन जास्त असताना बोलण्याची व बोटांच्या बारीक कामाची चपळाई वाढत असे. पण नंतरच्या अनेक अभ्यासांत हे चित्र तितके स्पष्ट उमटले नाही.

आणि वृद्ध पुरुषांचे काय? टेस्टोस्टेरॉन दिल्याने त्यांची अवकाशीय बुद्धी सुधारते असे १९९४ मधल्या एका लहान प्रयोगात दिसले होते. २०१७ मध्ये मात्र विस्मरण जाणवणाऱ्या जवळपास पाचशे वृद्धांना वर्षभर खरे किंवा खोटे औषध देऊन तुलना केली गेली. खरे औषध घेणाऱ्यांची ना स्मरणशक्ती सुधारली, ना अवकाशीय बुद्धी.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. काही तरुण जिममध्ये कोणाच्या तरी सांगण्यावरून अशा हार्मोनची इंजेक्शने घेतात. त्यांनी बुद्धी वाढत नाही. हृदय, यकृत आणि प्रजननशक्ती यांना मात्र इजा होऊ शकते. डॉक्टरांनी आजारासाठी दिलेले औषध वेगळे आणि ही हौस वेगळी.

तर आजवरच्या ज्ञानाचा प्रामाणिक सारांश असा: हार्मोनचा या शक्तीशी काही संबंध असावा, विशेषतः जन्मापूर्वी आणि वयात येताना, पण तो किती, कसा आणि कोणत्या वाटेने, हे अजून ठरलेले नाही. ''विज्ञानाने सिद्ध केले आहे'' हे वाक्य इथे बसत नाही.

मेघालयातील एक प्रयोग

आपल्याच देशातील एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. मेघालयात खासी लोक राहतात. त्यांच्यात घराणे आईच्या नावाने चालते आणि वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. खासी समाजात ख्रिस्ती बांधवांची संख्या मोठी आहे. त्याच भागात कारबी लोकही राहतात. त्यांच्यात वंश आणि मालमत्ता वडिलांकडून मुलाकडे जाते. दोघांचे जीवनमान बरेच सारखे, खाणेपिणे सारखे, मूळही जवळचे. २०११ मध्ये हॉफमन, नीझी आणि लिस्ट या संशोधकांनी दोन्ही समाजांतील मिळून सुमारे १३०० लोकांना चार तुकड्यांचे एक चित्रकोडे जोडायला दिले.

कारबी समाजात स्त्रियांना पुरुषांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. खासी समाजात स्त्री-पुरुषांत म्हणण्यासारखा फरकच दिसला नाही. शिक्षण आणि घराची मालकी यांचा या गोष्टीशी संबंध असल्याचेही संशोधकांना आढळले.

एका कोड्यावरून सर्व काही ठरत नाही, हे खरे. पण विचार करा. खासी स्त्रीच्या रक्तात कारबी स्त्रीपेक्षा निराळे हार्मोन वाहत नाही. निराळे आहे ते घर. एका घरात मुलगी ही घराची धनीण म्हणून वाढते, दुसऱ्या घरात ती परक्याचे धन म्हणून वाढते. परक्याचे धन हा शब्द आपल्याला कारबी लोकांकडून शिकावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मन:पटलावर वस्तू फिरवण्याच्या परीक्षेतील मुलामुलींचा फरक लहानपणी अगदी थोडा असतो आणि वय वाढते तसा वाढत जातो. कोणी म्हणेल, ''बघा, वयात येताना हार्मोन वाढते, म्हणून फरक वाढतो.'' पण त्याच वयात दुसरेही काही घडते. मुलगा सायकल, मग मोटारसायकल घेऊन गावभर हिंडू लागतो, वावरात जातो, पंपाची मोटर उघडून बसतो, दादाच्या गॅरेजवर उभा राहतो. मुलीचा रस्ता मात्र घर, शाळा आणि देवळापुरता आखडतो. दोन्ही गोष्टी एकाच वयात घडत असताना सगळे श्रेय हार्मोनला देणे हा घाईचा निवाडा होय.

आणि जी शक्ती सरावाने वाढते तिला जन्माचे कुलूप तरी कसे म्हणावे? अमेरिकेतील मिशिगन टेक या विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेने १९९३ पासून इंजिनिअरिंगच्या नव्या विद्यार्थ्यांची अशी चाचणी घेतली. त्यात कमी गुण मिळालेल्यांसाठी आकृत्या हाताने काढण्याचा, मनात फिरवण्याचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला. मुलामुलींचे गुण वाढले आणि पुढच्या विषयांतही त्यांना फायदा झाला. २०१३ मध्ये अशा २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्याचा निष्कर्ष असा की सरावाने स्त्री-पुरुष दोघांचीही अवकाशीय बुद्धी सुधारते आणि ती सुधारणा टिकते.

तालुक्याची सरासरी आणि आपले वावर

समजा, उद्या विज्ञानाने निर्विवाद सिद्ध केले की हा फरक संपूर्णपणे हार्मोनमुळेच आहे. तरीसुद्धा त्या बापाचा निष्कर्ष बरोबर ठरतो काय?

आपण शेतीचेच उदाहरण घेऊ. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा जातो हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिथले पाणी खारे, तिथली माती क्षारांची. पण एखाद्या तालुक्याची बहुतेक जमीन खारपाण आहे म्हणून शहाणा शेतकरी आपले वावर न तपासता पडीक टाकतो काय? तो आपल्या वावरातील माती कृषी खात्याकडे तपासायला देतो, आपल्या विहिरीचे पाणी चाखून पाहतो आणि मग काय पेरायचे ते ठरवतो. तालुक्याची सरासरी तालुक्याच्या कागदावर खरी असते. पेरणी मात्र आपल्या वावरात करायची असते.

मुलामुलींचेही तसेच आहे. या परीक्षेत जो सरासरी फरक सांगितला जातो तो मध्यम आकाराचा आहे. त्याचा अर्थ ढोबळमानाने असा होतो: वाटेल तो एक पुरुष आणि वाटेल ती एक स्त्री अशा १०० जोड्या लावल्या, तर साधारण ६५ जोड्यांत पुरुष पुढे असेल आणि ३५ जोड्यांत स्त्री पुढे असेल. स्त्री-पुरुषांच्या उंचीतला फरक याहून कितीतरी मोठा आहे. मग आपल्या घरातील मुलगी त्या ३५ पैकी आहे की नाही, हे तिला न विचारता, तिची वही न उघडता आपण कसे काय सांगतो? आणि आपला मुलगा त्या ६५ पैकीच आहे, हे तरी कशावरून?

इथे मुलग्यांचाही विचार करायला हवा, कारण या चुकीच्या हिशेबात तेही भरडले जातात. कित्येक मुलांचे चित्त भाषेत असते, संगीतात असते, रुग्णाची सेवा करण्यात असते. पण ''मुलगा आहे, इंजिनिअर झाला पाहिजे'' म्हणून त्यांना आकृत्यांच्या वर्गात ढकलले जाते. विषय राहतात, वर्षे जातात, घरात कर्ज होते आणि शेवटी पोरगा स्वतःला नालायक समजू लागतो. तो नालायक नव्हता. त्याला त्याच्या नावाने न ओळखता त्याच्या गटाच्या नावाने ओळखले गेले, एवढेच त्याचे दुर्दैव.

शिवाय परीक्षा म्हणजे जीवन नव्हे. आपल्या मायबहिणी पेनाने ठोकळे फिरवत बसल्या नसतील, पण त्या काय करतात ते पाहा. सपाट कापडावर खडूने चार रेघा ओढून, बाही उजवी कुठली आणि डावी कुठली याचा घोटाळा न करता अंगाला बसणारा ब्लाऊज बेतणे हे काय आहे? ठिपक्यांची रांगोळी एका कोपऱ्यातून सुरू करून चारही बाजूंनी सारखी नेणे काय आहे? बुरुडाच्या घरची बाई बांबूच्या सपाट पट्ट्यांतून गोल टोपली उचलून आणते ते काय आहे? ही सर्व अवकाशीय बुद्धीचीच कामे आहेत. आपण त्यांना घरकाम आणि हस्तकला म्हणतो आणि तेच काम कागदावर पेन्सिलीने केले की त्याला ड्रॉइंग म्हणतो, त्याला पगार देतो. ती बुद्धी त्यांच्या हातात आधीपासूनच होती. तिचे मोल कधी कोणी मांडले नाही.

रेल्वेचे इंजिन चालवणे हे तर पुरुषाचेच काम, असे एके काळी सर्वांना वाटे. साताऱ्याच्या सुरेखा यादव या सेंट पॉल कॉन्व्हेंट शाळेत शिकल्या. पुढे कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदविका घेतली. रेल्वेत सहायक चालक म्हणून दाखल झालेल्या त्या भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत, बोरघाटातून, डेक्कन क्वीन चालवत नेली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या वडिलांनी सरासरीचा हिशेब करून मुलीला घरी बसवले असते, तर सरासरीचे काही बिघडले नसते. देश मात्र एका चालकाला मुकला असता.

आत्मा, शरीर आणि देवाची इच्छा

आता त्या वाक्यातील तिसऱ्या गोष्टीकडे येऊ: ''देवानेच तसे घडवले आहे.''

काही भाविकांना हार्मोनची चर्चाच खटकते. विचार करणे हे आत्म्याचे काम, त्यात ग्रंथींचा रस कुठून आला, असे त्यांना वाटते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अॅक्वायनस यांनी या भीतीतून सोडवले. त्यांच्या शिकवणीनुसार आत्मा हा शरीराच्या पिंजऱ्यात कोंडलेला पाहुणा नव्हे. आत्मा आणि शरीर मिळून एकच माणूस होतो. म्हणून शरीराचा विचारांवर परिणाम होतो यात आश्चर्य नाही. ताप आला की प्रार्थनेत मन लागत नाही, हे कोणाला माहीत नाही? पण त्याच शिकवणीची दुसरी बाजूही आहे. शरीर विचाराला साधन पुरवते, विचाराचा धनी होत नाही. सत्य शोधणे, बरेवाईट ठरवणे आणि निवड करणे ही शक्ती कोणत्याही ग्रंथीतून पाझरत नाही. ती स्त्रीला आणि पुरुषाला सारखीच दिलेली आहे.

याच संत थॉमस यांचे एक विधान मात्र आज आपण स्वीकारू शकत नाही. त्यांच्या काळी शरीराचे ज्ञान अॅरिस्टॉटलच्या ग्रंथांतून घेतले जाई आणि अॅरिस्टॉटलचे मत असे की स्त्री म्हणजे वाढ पुरी न झालेला पुरुष. थॉमस यांनी मानवजातीच्या रचनेत स्त्री ही देवाच्या योजनेचाच भाग आहे असे ठामपणे म्हटले, पण प्रत्येक स्त्रीच्या घडणीबद्दलचे ते जुने मत त्यांनी ठेवून दिले. ते चुकीचे होते. एवढा मोठा संत आणि तत्त्वज्ञ आपल्या काळच्या विज्ञानामुळे चकू शकतो, तर वर्तमानपत्राच्या पुरवणीतील अर्धा कॉलम वाचून आपण मुलीचे आयुष्य ठरवताना किती जपून असावे!

ख्रिस्तसभेच्या इतिहासात दुसरेही दाखले आहेत. इटलीतील मिलान शहरात मारिया गाएताना आग्नेसी या भाविक कॅथलिक कन्येने १७४८ मध्ये बीजगणित आणि कलनशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. वक्ररेषांची भूमिती त्यात आहे. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तो पाहून १७५० मध्ये बोलोन्या विद्यापीठात तिची नेमणूक केली. ती शिकवायला गेली नाही. तिने आपले उर्वरित आयुष्य मिलानच्या गोरगरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या सेवेत घालवले आणि १७९९ मध्ये तिथेच देह ठेवला. भूमिती आणि भक्ती एका स्त्रीच्या ठायी सुखाने नांदू शकतात, हे तिने दाखवले. विसाव्या शतकात संत एडिथ स्टाइन या तत्त्वज्ञ होत्या आणि पुढे कार्मेल मठातील सिस्टर झाल्या. १९४२ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत त्यांना मारण्यात आले आणि १९९८ मध्ये त्यांना संतपद मिळाले. स्त्रीचा स्वतःचा असा एक स्वभाव आहे असे त्या मानत. तरीही स्त्री करू शकणार नाही असा एकही व्यवसाय नाही, असे त्यांचे मत होते. वेगळेपण मान्य करणे आणि दार बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याकडून शिकावे.

निसर्गात एखादी गोष्ट आहे, एवढ्यावरून ती देवाची आज्ञा ठरत नाही. एखाद्या लेकराचे डोळे जन्मतः अधू असतात. हे शरीराचेच देणे आहे. आपण म्हणतो काय की देवाने याला वाचण्यासाठी निर्माण केलेले नाही? आपण त्याला चष्मा घेऊन देतो. मग एखाद्या मुलीला, किंवा मुलाला, आकृती समजायला खरोखरच कठीण जात असेल, तर तिथे आपले कर्तव्य काय? जिथे कमी आहे तिथे जास्त द्यायचे, ही प्रीतीची रीत आहे. कमी आहे म्हणून उरलेलेही काढून घ्यायचे, ही प्रीतीची रीत नव्हे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा घडवले आणि तो नर व नारी असा घडवला, असे आपण ऐकतो. प्रतिरूप दोघांना मिळाले. कोणाला निम्मे मिळाले नाही. आणि प्रभू येशूने सांगितलेला तालंतांचा दृष्टांत आठवा. धन्याने एकाला पाच दिले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. देणगी सारखी नव्हती, हे प्रभूने लपवलेले नाही. पण धन्याने कोणाला कमी मिळाले म्हणून दोषी धरले नाही. पुरून ठेवले म्हणून दोषी धरले. त्या दासाने निदान स्वतःचा तालंत पुरला होता. आपण जेव्हा लेकराचा तालंत पुरतो, तेव्हा धन्याला काय उत्तर देणार आहोत?

शेवटी एक खोलवरची गोष्ट. या सर्व चर्चेत आपण नकळत असे धरून चालतो की ज्याची बुद्धी जास्त त्याची किंमत जास्त. मुलींची बाजू घेताना सुद्धा ''त्या काही कमी हुशार नाहीत'' असेच आपण म्हणतो. ते खरे आहे, पण ख्रिस्ती माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. आपल्यात असे वृद्ध आहेत की जे चाळीस वर्षे ज्या रस्त्याने मिस्साला आले तो रस्ता आता विसरतात. शेजारी हात धरून त्यांना घरी पोचवतात. अवकाशीय बुद्धी त्यांच्यापाशी उरलेली नाही. देवाची प्रतिमा त्यांच्यात तसूभरही कमी झालेली नाही. काही बाळे वर सांगितलेल्या ग्रंथींच्या आजारासह जन्माला येतात, कधीकधी जन्मतः मुलगा की मुलगी हे सांगणेही कठीण जाते. अशा घराबद्दल कुजबूज करणे हे पाप आहे. त्या बाळाला ताबडतोब बालरोगतज्ज्ञाकडे नेण्यास मदत करणे हे पुण्य आहे, कारण या आजाराच्या एका प्रकारात उपचार न झाल्यास पहिल्या काही आठवड्यांतच जीव जाऊ शकतो आणि उपचार झाल्यास लेकरू चांगले जगते. माणसाचे मोल त्याच्या हार्मोनात नाही, त्याच्या गुणपत्रिकेतही नाही. ज्याने त्याच्यासाठी क्रूसावर प्राण दिला, त्याने ते मोल ठरवून टाकले आहे.

तर मग करायचे काय?

आईवडिलांनो, मुलीला विचारा. तिची आवड, तिचे गुण, तिची चिकाटी पाहा. दोन-तीन महिने आकृत्यांचा, नकाशांचा सराव करू द्या आणि मग ठरवा. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आपल्या दारात आहे. फीची अडचण असेल तर हेही सांगतो की २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले आहे. आपण त्यात बसतो की नाही, याची चौकशी प्रवेशाच्या वेळी करावी. लहान मुलींच्या हातीही ठोकळे, सायकल आणि पाना-स्क्रूड्रायव्हर येऊ द्या. नाताळचा गोठा उभारताना मोजमाप मुलींनाही घेऊ द्या, त्यांना नुसत्या चांदण्या कापायला बसवू नका. मुलग्यांनाही, ज्यांची ओढ निराळी आहे त्यांना, त्यांच्या वाटेने जाऊ द्या.

आणि मुलींनो, तुम्हाला शिक्षिका किंवा नर्स व्हायचे असेल तर आनंदाने व्हा. ती थोर कामे आहेत. पण तुमचे डोके दुसऱ्या कशाला चालणार नाही, असे कोणी सांगितले म्हणून तसे होऊ नका. ज्यांना या बाबतीत सल्ला हवा असेल त्यांनी आईवडिलांसह मिस्सानंतर आम्हाला किंवा सिस्टरांना जरूर भेटावे.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभू, तू प्रत्येकाला नावाने ओळखतोस. आम्हालाही आमच्या लेकरांना नावाने ओळखायला शिकव. तू दिलेले दान आमच्या हातून मातीत जाऊ देऊ नकोस, आणि ज्यांच्यापाशी थोडे आहे त्यांच्यावर आम्हांला अधिक प्रेम करू दे. आमेन.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू